चांगलं तेवढंच बोला

गेल्या जुलैत वास्कोला तीन दिवस पाऊस हटला नव्हता. मांगोर हिलच्या उतारावर एका दोन खोल्यांच्या घरात टीव्हीचं टेबल बाहेर काढून जागा केली होती आणि तिथे पेटी ठेवली होती. खिडकीच्या गजांवर बसलेली कोळशाची धूळ पावसाने भिजून भिंतीवर काळे ओघळ आले होते. दारात छत्र्यांचा ढीग, त्यांचं पाणी वाहत आत येत होतं आणि कुणीतरी पोतं टाकून ते अडवत होतं. पेटीतला माणूस आमच्या चर्चच्या मंडळीतला. वय अठ्ठेचाळीस. मूळचा गडहिंग्लजकडचा, गोद्यांमध्ये बोटींना रंग देण्याचं काम करायचा. त्याची बायको शिवणकाम करते. तिच्या उजव्या हाताचं मनगट पूर्ण वळत नाही, म्हणून ती कापड डाव्या हाताने कापते. ते मनगट कसं मोडलं, हे त्या खोलीतल्या बहुतेक बायकांना ठाऊक होतं. त्यात मीही होते.

आमचे पास्टर तरुण आहेत. तेव्हा तर मंडळीत येऊन त्यांना जेमतेम आठ महिने झाले होते. ओल्या शर्टावर कोट चढवून ते पेटीच्या डोक्याशी उभे राहिले, पवित्र शास्त्र उघडलं, वाचन झालं, गीत झालं आणि मग संदेश. आवाजात कंप होता, पण शब्द नेटके होते. भाऊ कुटुंबवत्सल होते, म्हणाले. घरासाठी राबले. आपल्या पत्नीला त्यांनी फुलासारखं जपलं. मी समोरच बसले होते. ‘फुलासारखं’ हा शब्द उच्चारला गेला तेव्हा तिने डाव्या हाताने पदर ओढला आणि उजवं मनगट झाकून घेतलं. एवढंच. रडणं थांबलं नाही, वाढलंही नाही. पण तिच्या शेजारी बसलेली सतरा वर्षांची मुलगी उठली आणि माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर निघून गेली.

मी तिच्या मागे गेले. पाण्याच्या निळ्या पिंपाशी, पत्र्याच्या पागोळीखाली ती उभी होती. पागोळीचं पाणी सरळ तिच्या डोक्यावर पडत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. मी तिला दंडाला धरून आत ओढलं. ती म्हणाली, “मावशी, पास्टर कोणाविषयी बोलतायत?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण आदल्या रात्री साडेदहाला पास्टरांचा फोन मला आला होता. “मावशी, मी त्यांना दोनदाच भेटलोय. तुम्ही इतकी वर्षं ओळखता. उद्या काय बोलू?” मी भाजी निवडत होते, थकले होते. मी म्हटलं, “चांगलं तेवढंच बोला. गेलेल्या माणसाबद्दल कशाला वाईट.”

ते फूल त्यांच्या हातात मीच दिलं होतं.

माझे वडील प्रचारक होते. दादा म्हणायचो आम्ही त्यांना. नेवासे तालुक्यातली सात-आठ गावं त्यांच्याकडे होती. सायकलला कंदील, कॅरिअरला ट्यूबने बांधलेली पिशवी, पिशवीत शास्त्र, गीतांचं पुस्तक आणि एक टॉवेल. ज्ञानदेवांच्या नेवाशात आणि तुकोबांच्या भाषेत आपण बोलतो, तेव्हा पुस्तकी मराठी बोलून चालायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मेणाहून मऊ आणि वज्राहून कठीण ही जोडी त्यांनी तिथूनच उचलली होती आणि ती ते येशूला लावायचे. पंडिता रमाबाईंबद्दल त्यांना फार आदर. मूळ हिब्रू-ग्रीक शिकून त्या बाईने अख्खं बायबल मराठीत आणलं आणि तेही केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना वाचता यावं अशा भाषेत. मरेपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, त्या त्यावर काम करत होत्या. दादा म्हणायचे, ज्याला समोरच्या बाईची कीव नुसती येते तो रडतो, आणि ज्याला तिचा मान ठेवायचा असतो तो तिच्यासाठी व्याकरण शिकतो.

कुठे मयत झाली की दादा आदल्या संध्याकाळीच त्या घरी जायचे. ओसरीवर बसायचे. उपदेश नाही, काही नाही. त्याला काय आवडायचं खायला, बैल कधी घेतला, शेवटचं कोणाशी बोलला, असलं विचारायचे. कोणी बोललं नाही तर गप्प बसायचे. विहिरीवर जाऊन दोन कळश्या आणायचे. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, ही त्यांची आवडती जागा. ते म्हणायचे, तिथपर्यंत त्या तिघांचं सगळं बरोबर होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. खरंच, पुढे त्या मित्रांच्या तोंडी किती अध्याय धर्माच्या गोष्टी आहेत, सुट्या काढून वाचल्या तर भिंतीवर टांगाव्यात अशा. आणि शेवटी देव त्यांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. जो ओरडला, भांडला, जन्मदिवसाला शिव्या दिल्या, तो नीट बोलला.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आमच्याच मंडळीतल्या एका बाईचं तान्हं उन्हात गेलं. मी सहा वर्षांची होते. तेवढ्यात बाहेरगावचे एक वक्ते सभा घ्यायला आले होते. आवाज मोठा, धोतर पांढरंशुभ्र. ते म्हणाले, देव कारणाशिवाय घेत नाही, त्या घरात काय दडलंय ते शोधा. ती बाई तिथेच, मागे, भिंतीला टेकून बसली होती. कंदिलाच्या उजेडात तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त खडीने सोललेली बोटं दिसत होती. सभा संपताना दादा उठले. मला वाटलं आता भांडण होणार. त्यांनी योहानाचा नववा अध्याय काढला आणि पहिली तीनच वचनं वाचली. जन्मांध माणूस दिसतो, शिष्य विचारतात पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं, आणि येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. वाचलं, पुस्तक मिटलं, बसले. पुढे चार रविवार दुपारी जेवण झालं की ते त्या बाईच्या खोपटाकडे जात. आई सोबत भाकरी द्यायची. तिथे काय बोलत, कधी कळलं नाही.

इथपर्यंत लिहिलं की माझे वडील मला देवमाणूस वाटू लागतात, आणि मग माझा भाऊ आठवतो.

तो एकोणीस वर्षांचा होता. मटक्याच्या अड्ड्यावर दिसला, असं कोणीतरी दादांना सांगितलं. घरी दोघांत काय झालं मला माहीत नाही. त्या रविवारी दादांनी उधळ्या पुत्रावर संदेश दिला. चांगला चालला होता. मध्येच थांबले आणि म्हणाले, “दूर कशाला जायचं. माझ्या घरात एक आहे.” सतरंजीवर बसलेली सगळी डोकी तिसऱ्या रांगेकडे वळली. भाऊ तिथे मांडी घालून बसला होता, पुढ्यात गीतांचं पुस्तक उघडं. त्याने पुस्तक मिटलं, पान मुडपू नये म्हणून आधी रिबन नीट घातली, आणि उपासना संपेपर्यंत खाली मान घालून बसून राहिला. तो उठून गेला असता तर मला आज इतकं आठवलं नसतं. दिवाळीनंतर तो पिंपरीला गेला. कामाला लागला, संसार केला, भला माणूस आहे. लग्नकार्याला येतो आणि चर्चच्या बाहेर चिंचेखाली उभा राहतो.

दादा खोटं एक अक्षर बोलले नव्हते. अड्डा खरा होता, पैसे खरे होते. आई एकदाच त्यावर बोलली, फार वर्षांनी, तांदूळ निवडताना. “खरं होतं. पण ते त्याचं होतं. त्यानं सांगायचं होतं.”

लूकच्या पंधराव्या अध्यायातली ती गोष्ट मी नंतर किती वेळा वाचली असेन. धाकट्या पोराने कसले कसले उद्योग केले, कलावंतिणींवर बापाची मालमत्ता उडवली, हे मोठा भाऊ सांगतो. अंगणात उभा राहून, चिडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बाप त्यातलं एकही वाक्य बोलत नाही. पण बाप असंही म्हणत नाही की पोरगा शहाणाच होता, जरा फिरायला गेला होता. तो मेला होता, हरवला होता, असं बाप स्वच्छ सांगतो, आणि तेही दोनदा. पोराने स्वतः जे तोंडाने कबूल केलं त्याच्या पलीकडे तो जात नाही, त्याच्या अलीकडेही थांबत नाही. दादांनी त्या गोष्टीवर जन्मभर संदेश दिले आणि त्या एका रविवारी ते मोठ्या भावाच्या जागी जाऊन उभे राहिले. हे मी त्यांना कधी बोलले नाही. ते गेले तेव्हा भाऊ आला, खांदा दिला, कबरीत माती टाकली. आत आला नाही.

लग्न होऊन मी गोव्यात आले १९८९ साली. नवरा बंदरावर नोकरीला. आमच्यासारख्या मराठी प्रॉटेस्टंट घरांची इथे मूठभर मंडळी, रविवारी संध्याकाळी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना, सकाळी तिथे शिकवण्या चालतात म्हणून फळ्यावर बीजगणित तसंच असतं. आजूबाजूला कॅथलिक शेजार. त्यांचा पाव आणणारा पोदेर, त्यांची मीस म्हणजे मिस्सा, त्यांचं लदीन म्हणजे क्रूसापुढची सामूहिक प्रार्थना, त्यांच्या पाद्रीबाबांचा शेरमांव म्हणजे प्रवचन. गोवा म्हटल्यावर दादांना एकच माणूस आठवायचा, फादर स्टीफन्स. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघी कॅथलिक पाद्री, ज्याने मराठीत जवळपास अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं आणि १६१६ मध्ये ते रायतूरला रोमन अक्षरांत छापलं गेलं. दादांच्या एका वहीत त्यातल्या ओव्या उतरवलेल्या होत्या. परक्या माणसाने आपल्या भाषेवर इतकं प्रेम करावं, याने ते हरखून जात. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी नवऱ्याला घेऊन रायतूरला गेले होते. टेकडीवरची ती सेमिनरी, खाली झुआरीचं पाणी, शेवाळलेले चिरे. वही सोबत नेली होती. गेटपाशी उभी राहून चार ओव्या म्हटल्या, हळू आवाजात.

ही गोष्ट मी मोठ्या अभिमानाने वरच्या मजल्यावरच्या अक्कांना सांगितली. अक्का प्रियोळच्या, जिथे मंगेशाचं देऊळ आहे. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या हातात चहाचा पेला दिला आणि म्हणाल्या, “ओव्या गोड असतील गो. पण आमचा मंगेश कुशस्थळीहून रातोरात नदीपलीकडे न्यावा लागला, तो काय ओव्या ऐकून?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट त्या कालच्या लग्नातल्या मानपानासारखी बोलत होत्या.

मी त्या दिवशी गप्प बसले. आम्ही प्रॉटेस्टंट, ते पोर्तुगीज कॅथलिक, आमचा काय संबंध, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण अक्कांच्या दृष्टीने क्रूस एकच होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. स्टीफन्स आला तेव्हा दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी पाडून बारा वर्षं झाली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइटांना लोकांनी मारलं, त्यांची प्रेतं मिळवून मूठमाती देणाऱ्यांत हाच ओव्या लिहिणारा स्टीफन्स होता. आणि नंतर कुंकळ्ळीच्या गांवकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून पोर्तुगीजांनी ठार केलं. बोलणी करायला या, हे शब्दही मऊच असणार. मोगऱ्याची, कस्तुरीची उपमा देऊन आपल्या भाषेची थोरवी सांगणारा माणूस याच मातीत राहत होता, हे ऐकत होता, पाहत होता. त्याचं प्रेम मी खोटं मानत नाही. मी अजूनही त्या ओव्या म्हणते. पण ज्याला उठून जाता येत नाही अशा माणसापुढे गोड बोलणं किती अवघड जबाबदारीचं असतं, ते मला अक्कांच्या त्या चहाने कळलं.

२००० साली मार्चमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये क्षमायाचनेचा दिवस पाळला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त पाद्रीबाब आपल्या बहिणीकडे राहायचे, संध्याकाळी बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसलेले असायचे. त्यांनी मला त्याची हकिकत सांगितली. तिथे चर्चच्या पापांची कबुली एकेक करून वाचली गेली, त्यात एक कबुली सत्याच्या सेवेत झालेल्या पापांची होती. सत्याच्या सेवेत झालेली पापं. पाद्रीबाबांनी तो शब्द कोकणीत दोनदा उच्चारला आणि मग बराच वेळ समोरच्या जासवंदीकडे बघत राहिले. मी वर जाऊन अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं केलं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “उशीर केला, पण बरं केलं.”

त्याच पाद्रीबाबांकडून आणखी एक गोष्ट कळली होती, जी मला गेल्या जुलैत आठवायला हवी होती आणि आठवली नाही. कॅथलिकांच्या दफनाच्या मीसच्या नियमांतच लिहिलेलं आहे की शेरमांव थोडक्यात असावा, पण त्यात मृताची स्तुती कसलीही नसावी. मला ते तेव्हा कोरडं वाटलं होतं. त्यांनी समजावलं, “अगो, स्तुती करायला लागलो की मी खुर्चीत बसलेल्या शंभर जणांपुढे एकट्याचं प्रमाणपत्र वाचतो. त्यांच्यातल्या पाच जणांना ते खोटं आहे हे ठाऊक असतं. ते पाच जण मग देवाबद्दल मी जे सांगेन तेही तसंच धरतात.” ते सेवेत असताना मयताच्या घरी आधी जाऊन बसायचे का, हे मी विचारलं. ते म्हणाले, “बसलो नाही तिथे चुकलो.”

वास्कोहून कुठ्ठाळीला जाताना सांकवाळ लागतं. संत जुझे वाझ यांचं स्थान. त्यांच्या सोळा जानेवारीच्या फेस्ताला शेजारणींबरोबर मीही जाऊन आले आहे. हा गोव्याचा पाद्री १६८७ मध्ये सिलोनला गेला तेव्हा डचांनी तिथे कॅथलिक पाद्रींना बंदी केलेली. अंगावर हमालाचे कपडे, जवळ काही नाही. पुढे कँडीला पोर्तुगीजांचा हेर म्हणून तुरुंगात टाकलं. १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली, लोक आपल्या माणसांना टाकून पळू लागले, तेव्हा हा माणूस त्या फोडांनी भरलेल्या अंगांना धूत, पेज भरवत, मेलेल्यांना पुरत फिरला. हे कोणाच्या धर्माचं, ते कोणाच्या धर्माचं, असं न विचारता. मला त्यांच्या चमत्कारांपेक्षा पेज भरवण्याचं वाटतं. त्यानंतर ते जे काही बोलले असतील ते लोकांनी कसं ऐकलं असेल, हे मनात येतं. ज्याच्या हाताने पेज खाल्ली त्याच्या तोंडचं कठीण वाक्यही माणूस ऐकतो.

आणि दुसऱ्या बाजूला आजचे संदेश. मोबाईलवर रोज येतात. आमच्या मंडळीतल्या एका बाईने असाच एक संदेश ऐकून साखरेच्या गोळ्या बंद केल्या. तू बरी झालीस असं म्हण, म्हणजे बरी होशील, गोळी घेणं म्हणजे अविश्वास. पायाचा अंगठा काळा पडेपर्यंत तिने घरात कोणाला दाखवलं नाही. अंगठा काढावा लागला. मी दवाखान्यात तिच्याशी बसले होते तेव्हा ती मला विचारत होती, माझा विश्वास कुठे कमी पडला? अंगठा गेल्याचं दुःख तिला दुसरं होतं. तो संदेश देणाऱ्याचा आवाज मी ऐकलाय. अतिशय मृदू आहे. मागे संथ वाजवणं चालू असतं. मला आता मृदू आवाजाची भीती वाटते, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

पौल थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहितो की दाई आपल्या लेकरांना जपते तसे आम्ही तुमच्यामध्ये सौम्य होतो. हे वचन सगळ्यांना पाठ असतं, बायकांच्या सभेत तर हमखास. त्याच्या दोनच वचनं आधी तो लिहितो की आम्ही कधी खुशामतीचं बोललो नाही. ते कोणी फारसं वाचत नाही. मीही वर्षानुवर्षं शब्बाथ शाळेत मुलांना दाईचंच वचन शिकवलं.

त्या जुलैनंतर दोन आठवडे मी पास्टरांना टाळलं. मग एका बुधवारी प्रार्थनेनंतर खुर्च्या उचलताना त्यांना म्हटलं, “पास्टर, तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुम्हाला खरं सांगितलं नाही.” आणि सांगितलं. मनगट, पोलीस चौकीच्या दारातून परत आणलेली तक्रार, आणि ती परत आणायला आम्ही मंडळीतल्याच बायकांनी तिला कसं समजावलं होतं, तेही. देव जोडतो ते माणसाने तोडू नये, असं मीच म्हटलं होतं. ते उभेच होते, हातात दोन खुर्च्या. खुर्च्या खाली ठेवल्या आणि एका खुर्चीवर बसले. “मावशी, मी तिच्या तोंडावर बोललो ते,” म्हणाले. मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर मला हलकं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं मांगोर हिलवर गेलो. तिने चहा टाकला. मुलगी पलंगाच्या कडेला बसली, उठून जायला एक पाय खाली. पास्टर तिलाच म्हणाले, “मला माहीत नसताना मी बोललो. माहीत करून घ्यायला हवं होतं. माझं चुकलं.” त्यात शास्त्राचं वचन एकही नव्हतं. मुलगी म्हणाली, “मग काय बोलायचं असतं?” पास्टर म्हणाले, “मला ठाऊक नाही. तू सांगशील तेव्हा ऐकेन.” मी मग तिच्या आईला बाजूला नेऊन माझं म्हणायचं ते म्हटलं, त्या तक्रारीबद्दल. तिने ऐकलं. “तुम्हाला तेव्हा तेच बरोबर वाटलं असेल,” एवढं म्हणाली आणि गॅसकडे वळली. मला क्षमा मिळाली की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

वर्षभर पास्टर तिथे जात राहिले. कधी महिन्यातून दोनदा, कधी नुसतं दारातून. मुलीच्या बारावीचे फॉर्म भरून दिले. तिचा बाप तिला बायण्याच्या समुद्रात पोहायला शिकवत असे, हे तिने त्यांना एकदा सांगितलं. रडत सांगितलं, असं ते म्हणाले, आणि पुढचं मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

या जुलैत वर्षाची स्मरण उपासना. जूनच्या शेवटी त्यांनी मुलीला विचारलं की त्या दिवशी मी काय बोलावं असं तुला वाटतं, आणि आईलाही विचार, दोघींपैकी कोणी नको म्हणालं तर मी फक्त गीत आणि वाचन घेईन. चार दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा मुलीने आईची मापांची वही पुढे केली. छाती चौतीस, बाही नऊ, गळा मागून खोल, अशी पानं उलटून मागच्या कोऱ्या पानावर तिने लिहिलं होतं. बाबांनी मला पोहायला शिकवलं. बाबा रविवारी स्वतः मासे तळायचे, बांगडे, आणि आम्हाला आधी वाढायचे. बाबांनी आईचा हात मोडला. शेवटचे दोन महिने ते प्यायले नाहीत. एवढंच.

पास्टरांनी वही आईपुढे धरली. “हे वाचू का मी सगळ्यांपुढे? तुम्ही सांगाल तेवढंच वाचेन.” तिने चष्मा लावला. सावकाश वाचलं, ओठ हलवत. मशीनच्या खणातून पेन्सिल काढली, डाव्या हातात धरली. ‘बांगडे’ खोडलं आणि वर ‘तारले’ लिहिलं. मग खाली आली आणि ‘हात’च्या आधी, बारीक अक्षरांत, ‘उजवा’ असं घातलं. वही मिटून पास्टरांच्या हातात दिली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.